तो आवाज माझा नाही

हेमांगी कारखानीस माझ्या समोरच्या दारात राहते. डोंबिवलीजवळ मानपाड्याला आमची सोसायटी झाली तेव्हा आम्ही दोघी साधारण एकाच सुमाराला राहायला आलो. मी तेव्हा बँकेत होते आणि ती कल्याणला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करायला जायची. जिन्यात भेटलो की हसायचो, तेवढंच. खरी ओळख झाली अद्वय जन्मल्यावर.

अद्वय सातव्या महिन्यात जन्मला. बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. घरी आला तेव्हा दिसायला छान, मोठ्या डोळ्यांचा. पण वर्ष उलटलं तरी मान धरेना. मग कुणीतरी डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणाले आणि तो शब्द त्या घरात राहायलाच आला. पाठोपाठ आकडी. गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्या वेळा भिंतीवर लागल्या, हेमांगीने नोकरी सोडली.

ठाण्याला अशा मुलांसाठी एक केंद्र आहे. अद्वयला कडेवर घेऊन, शिळफाट्याची गर्दी काढत बसने ती तिथे जायची. तिथल्या बाई व्यायाम दाखवायच्या आणि घरी येईपर्यंत निम्मे विसरायला व्हायचे. म्हणून ती केंद्रातच बसून चित्रं काढायला लागली. आखडलेल्या हाताचं मूल असेल तर बाही आधी कुठल्या हातात घालायची, कुशीवर वळवताना गुडघा कुठे धरायचा, भरवताना हनुवटीखाली बोट कसं ठेवायचं. दोन-चार रेषांची आई, दोन-चार रेषांचं मूल. बघितलं की हात आपोआप तसा वळायचा. केंद्रातल्या बाकीच्या आया त्या कागदांचे फोटो काढून न्यायच्या.

तिचे सासरे, ज्यांना सगळी सोसायटी भाऊ म्हणते, ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त व्हायच्या थोडं आधी ते हट्टाने वेबसाइट बनवायला शिकले आणि ठाणे-कल्याणच्या तळ्यांवर त्यांनी एक वेबसाइट केली. कुठलं तळं कुणी बांधलं, कुठलं बुजवलं, कुठे आता बिल्डिंग आहे. ती किती लोक वाचत असतील देव जाणे. सुनेची चित्रं बघितल्यावर भाऊंनी ती स्कॅन केली, हेमांगीकडून प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहून घेतल्या आणि 'अद्वयचे व्यायाम' अशी दुसरी वेबसाइट उभी केली. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं. वर हेमांगीचं नाव, खाली घरचा फोन नंबर आणि पान किती जणांनी उघडलं ते सांगणारा एक आकडा.

तो आकडा हलायचाच नाही. कधीतरी हलला तर भाऊंनीच पान उघडलेलं असायचं.

मग हेमांगीच्या मावसबहिणीच्या मुलीने, ऐश्वर्याने, तिला व्हिडिओंच्या ॲपवर आणलं. पहिला व्हिडिओ ऐश्वर्यानेच काढला: हेमांगी अद्वयला सतरंजीवर झोपवून त्याचा पाय हळूहळू वाकवते आहे आणि साध्या मराठीत बोलते आहे. "घाई करायची नाही. तो रडला तर थांबायचं. थांबणं म्हणजे हरणं नाही." हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम म्हटलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण त्या वाक्यावर महाराष्ट्रभरच्या आया रडल्या. जालना, सांगोला, चिपळूण, कुठून कुठून लिहायला लागल्या. ताई, माझी मुलगी पण अशीच आहे. ताई, सासू म्हणते माझ्याच पोटाचा दोष. ताई, तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं.

मी हेमांगीला त्या दिवसांत बघितलंय. ती पूर्वी दार उघडायची तर दमलेली असायची. आता दमलेली असली तरी हातात फोन असायचा आणि ती मला वाचून दाखवायची, "बघा हो काकू, हिच्या मुलाने आज चमचा धरला."

चमचा धरणारा तो मुलगा प्रीतम. त्याची आई शेवंती, विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला कुठेतरी राहायची. नवरा दगडू उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कामाला. प्रीतम अद्वयहून लहान आणि त्याची आकडी अद्वयच्या आकडीहून वाईट. शेवंती जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली लिहायची, आपल्या मुलाचे व्हिडिओ पाठवायची. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. इतक्या जवळ राहून भेटल्या नाहीत याचं मला नवल वाटायचं, पण दोघींना घरातून निघणंच कठीण होतं.

वेबसाइट तशीच पडून राहिली. भाऊ अधूनमधून विषय काढायचे.

"हेमांगी, नवीन व्यायामांची चित्रं काढलीस का? टाकूया."

"भाऊ, व्हिडिओ केलाय ना. चित्राची गरज काय आता."

"व्हिडिओ तिथे आहे. इथे नाही."

"तिथे माणसं येतात, भाऊ. इथे कोण येतं?"

एकदा भाऊ मला म्हणाले, "तिचं खरं आहे. माझ्या तळ्यांकडे तरी कोण फिरकतं. पण त्या लोकांनी उद्या तिला दार लावून घेतलं, तर ती त्या बायकांना शोधणार कुठे? एकीचा तरी पत्ता आहे का तिच्याकडे?" मी म्हटलं, तुम्ही फार पुढचा विचार करता. दरवर्षी ते पैसे भरून दोन्ही वेबसाइटचं नाव चालू ठेवायचं काम न चुकता करत राहिले. घरात कुणाला ते माहीतही नव्हतं.

अद्वय नऊ वर्षांचा झाला त्या वर्षी तो पहिल्यांदा उभा राहिला. लाकडी चौकटीत, पट्टे बांधून, पायात बूट घालून, पण उभा. नऊ वर्षांच्या मेहनतीचा तो व्हिडिओ. तो इतका पसरला की आमच्या भाजीवाल्यानेही बघितला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला एक मेसेज आला. तुमच्या व्हिडिओबद्दल तक्रार आली आहे, खातं बंद होणार आहे, थांबवायचं असेल तर फोनवर आलेला ओटीपी नंबर कळवा. त्या वेळी अद्वयला आकडी आलेली होती. एका हाताने ती त्याला कुशीवर धरून होती, दुसऱ्या हातात फोन. खातं बंद होणार एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. तिने नंबर टाकला. अद्वय शांत झाल्यावर तिने ॲप उघडून बघितलं, तर ते तिला ओळखेना.

"जाऊ दे गं," तिचा नवरा सलिल म्हणाला. "दुसरं उघडू. लोक येतील परत."

तिलाही तसंच वाटलं. चोरलं तर चोरलं, करून काय करणार त्याचं.

तीन-चार दिवसांनी ऐश्वर्याचा फोन आला. "मावशी, तू तेलाची जाहिरात कधीपासून करायला लागलीस?"

मी त्या वेळी त्यांच्याच घरात होते. सलिलच्या फोनवर हेमांगीने तो व्हिडिओ लावला. अद्वय चौकटीत उभा आहे, शेजारी हेमांगी, तोच व्हिडिओ. पण आवाज वेगळंच बोलत होता. म्हणजे आवाज हेमांगीचाच. तिचं ते शब्दांच्या शेवटी जरासं थांबणं, 'बघा हं' म्हणणं, सगळं तिचं. तो आवाज म्हणत होता, "मैत्रिणींनो, मी अद्वयच्या आकडीच्या गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनीच मूल सुस्त होतं, बघा हं. हे तेल रोज पाठीच्या कण्याला चोळलं आणि माझं बाळ उभं राहिलं." खाली तेल मागवायचा नंबर.

हेमांगीने तो पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. सलिलने फोन काढून घेतला तेव्हा ती म्हणाली, "हे मी कधी बोलले?" तिने ते इतक्या खरेपणाने विचारलं की क्षणभर मलाच वाटलं, आठवून सांगावं.

व्हिडिओखाली बायका लिहीत होत्या. ताई, कुठे मिळेल. ताई, तुमच्यावर विश्वास आहे. ताई, आजच बंद करते. त्यात शेवंती होती. तिने हात जोडल्याची चित्रं टाकली होती आणि लिहिलं होतं, प्रीतमला पण सुरू करते.

सलिलने आपल्या खात्यावरून खाली लिहिलं, हे खोटं आहे, गोळ्या थांबवू नका. ते लगेच पुसलं गेलं आणि सलिलला तो व्हिडिओ दिसायचाही बंद झाला. ऐश्वर्याने लिहिलं, तिचंही तेच. मी, माझी मुलगी, सोसायटीतले जे कोणी होते त्या सगळ्यांनी तक्रारीचं बटण दाबलं. एक-दोन दिवसांनी सगळ्यांना एकच उत्तर आलं: तपासणीत काही गैर आढळलं नाही. हेमांगीने स्वतःच्या नावाने नवीन खातं उघडलं आणि कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं, मी खरी हेमांगी, तो आवाज माझा नाही. संध्याकाळच्या आत ते खातं बंद झालं. कारण दिलं होतं, तुम्ही दुसऱ्या व्यक्तीची तोतयेगिरी करत आहात.

ते वाचून ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

आम्ही दोघी ठाण्याला सायबर पोलिसांकडे गेलो. अद्वयला भाऊंपाशी ठेवून ती पहिल्यांदाच इतका वेळ बाहेर होती. आमच्यासमोर बसलेले अधिकारी समजूतदार होते. त्यांनी व्हिडिओ नीट ऐकला, मग हेमांगीला बोलतं केलं, मग परत व्हिडिओ ऐकला.

"सेम आहे," ते म्हणाले. "मशीनने केलेला आहे, मॅडम. तुमचे जुने व्हिडिओ आहेत ना, त्यातून शिकवतात त्याला. अशा केसेस येतायत."

"किती दिवस लागतील?"

"आम्ही कंपनीला कळवतो. खातं बाहेरच्या देशातून चालतंय असं दिसतंय. वेळ लागणार."

"तोपर्यंत त्या गोळ्या बंद करतील हो. एकदम बंद केल्या तर मूल जातं. जीवच जातो त्याचा."

ते म्हणाले, "तुमच्याकडे त्या बायकांचे नंबर असतील तर तुम्हीच फोन करा ना. तेच सगळ्यात फास्ट."

नंबर तर एकीचाही नव्हता. हजारो बायका तिला ताई म्हणत होत्या, आणि त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता एकच होता, तो चोराच्या ताब्यात गेलेला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. शिळफाट्याला बस अडकली तेव्हा ती म्हणाली, "काकू, भाऊ पत्त्याचं बोलायचे तेव्हा मला वाटायचं, म्हातारपणाची काळजी आहे त्यांची."

घरी आल्यावर ती सरळ भाऊंच्या खोलीत गेली.

"भाऊ, ती वेबसाइट आहे का अजून?"

भाऊंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. ते उठले, चष्मा शोधला, कॉम्प्युटर लावला. पान उघडलं. तीच काळी अक्षरं, तीच चित्रं, पाच-सहा वर्षांत कुणी हात न लावलेली.

"काय लिहायचं सांग," ते म्हणाले.

ती उभ्या उभ्याच सांगत गेली आणि भाऊ एकेक अक्षर शोधत टाइप करत गेले. मी हेमांगी कारखानीस. व्हिडिओतला तो आवाज माझा नाही. अद्वयच्या गोळ्या कधीही बंद केलेल्या नाहीत. तो गोळ्या घेऊन, नऊ वर्षं व्यायाम करून उभा राहिला. तुमच्या मुलाच्या गोळ्या बंद केल्या असतील तर आत्ता डॉक्टरांकडे जा. मला फोन करा. खाली तिने स्वतःचा नंबर दिला.

भाऊंनी ते पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात चढवलं. मग आम्ही तिघंही त्या आकड्याकडे बघत बसलो.

सलिल ऑफिसातून आला आणि त्याने फोनवर हेमांगीचं नाव टाकून शोधून दाखवलं. आधी ते चोरलेलं खातं. त्याखाली तेच व्हिडिओ इतर कुणी कुणी पसरवलेले. मग तेलाची दुकानं. वेबसाइट खूप खाली. "इतकं खाली कोण जातं, भाऊ," तो म्हणाला. रागाने नाही, थकून.

"ज्याला शंका आली आहे तो जाईल," भाऊ म्हणाले.

"आणि ज्याला शंका नाही तो?"

भाऊंनी कॉम्प्युटर बंद केला नाही. तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून हेमांगी फिरायला लागली. ठाण्याच्या केंद्रात जाऊन तिने वेबसाइटचा पत्ता फळ्यावर लिहिला. डोंबिवली-कल्याणच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. काहींनी पत्ता लिहून घेतला, काहींनी कंपाउंडरकडूनच वाटेला लावलं. आम्ही दोघी विठ्ठलवाडीला गेलो, शेवंतीला शोधायला. हातात काय, तर प्रीतमच्या व्हिडिओतून काढलेला फोटो. औषधांच्या दुकानात दाखवला, अंगणवाडीत दाखवला. एका दुकानदाराने ओळखला. म्हणाला, बाई दर महिन्याला फिटच्या गोळ्या न्यायची, या महिन्यात आली नाही. घर कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं. रुळांच्या पलीकडे असेल म्हणाला. आम्ही पलीकडे गेलो. दारं ठोठावली. चार वाजता अद्वयच्या गोळीची वेळ झाली आणि आम्हाला परत फिरावं लागलं.

रिक्षात ती सारखी म्हणत होती, "गोळ्या न्यायला आलीच नाही, काकू. आलीच नाही."

वेबसाइट बघून फोन यायला सुरुवात झाली, पण अगदी थोडे. पहिला फोन सांगोल्याहून आला. हेमांगीने सगळं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "पण ताई, तुमचा आवाज तर तोच आहे. त्या व्हिडिओत पण हाच, आता पण हाच. मी कुठली खरी धरू?"

इतकी वर्षं त्या आवाजाच्या आधाराने त्या बायका हेमांगीजवळ आलेल्या, आणि आता तोच तिच्या विरुद्ध साक्ष देत होता. मग त्या बाईनेच विचारलं, "ती चित्रं तुम्ही काढलीत का? माझ्याकडे एकाची झेरॉक्स आहे जुनी. आमच्या इथल्या केंद्रातल्या मॅडमनी दिलेली."

"मी काढली."

"बाही घालायच्या चित्रात बाईचा एक हात अर्धाच का आहे?"

"अद्वय रडायला लागला होता. राहून गेला तो हात."

"बरं," ती बाई म्हणाली. "मग देते गोळी परत."

"आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने सुरू पण करू नका."

असे फोन आले. रोज एखादा, कधी दोन, कधी एकही नाही. चोरलेल्या खात्यावरच्या व्हिडिओचे आकडे त्याच वेळी लाखाने चढत होते. हेमांगी जेवेना. अद्वयचा पाय वाकवताना तिचा हात थांबायचा आणि तो आईच्या तोंडाकडे बघत राहायचा. एकदा ती मला म्हणाली, "बोलावंसंच वाटत नाही. बोलले की मला ती ऐकू येते."

शेवंतीचा फोन आला तो एका दुपारी. कल्याणच्या हॉस्पिटलमधून. तिने नाव सांगितलं नाही, नमस्कार नाही.

"ताई, तुम्ही सांगितलं म्हणून बंद केल्या मी."

हेमांगीला ओळखायला वेळ लागला नाही. "शेवंती, प्रीतम कसा आहे?"

"मशीनवर आहे. आकडी थांबतच नव्हती. इथल्या डॉक्टरीणबाईंना तुमचा व्हिडिओ दाखवला, की ताईंनी सांगितलंय म्हणून. त्यांनी तुमचं नाव शोधलं, खाली खाली जात गेल्या. मग मला हे वाचून दाखवलं. तुम्ही बोललाच नाहीत म्हणे ते." ती थांबली. "मग आधी का नाही सांगितलं?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

आम्ही गेलो. दगडू वॉर्डच्या बाहेर बाकावर बसला होता. त्याने हेमांगीला चेहऱ्यावरून ओळखलं आणि तो उठून दारात उभा राहिला. शिवीगाळ केली नाही, आवाजही चढवला नाही. "तुम्ही जा," म्हणाला. "ती आता कुणाचं ऐकायच्या तब्येतीत नाहीये."

"दादा, ते मी नव्हते हो."

"माहीत झालंय. वाचलं आम्ही. पण चेहरा तर तुमचाच होता ना. तिला तो दिसला की त्रास होतो."

ती मागे फिरली. जिन्यापाशी येऊन खालीच बसली. मी तिच्याशेजारी बसले. माणसं बाजूने चढत-उतरत होती. "भाऊंचं पान तिला सापडलं, काकू," ती म्हणाली. "बरोबर माणसाला सापडलं. पण केव्हा सापडलं."

प्रीतम वाचला. बरेच दिवस मशीनवर राहून बाहेर आला. पण जे मूल चमचा धरत होतं, आईच्या हाकेला मान वळवत होतं, ते परत आलं नाही. आता त्याला गिळताही येत नाही. नाकात नळी आहे.

त्या काळात भाऊंनी रोज सकाळी वेबसाइटवर काही ना काही केलं. हेमांगीला विचारायचे, तिने उत्तर दिलं तर ठीक. त्यांनी इतर वेबसाइटवाल्यांना, केंद्रांना, डॉक्टरांच्या संघटनांना ईमेल लिहून कळवलं, ही खरी जागा, इकडे माणसं पाठवा. काहींनी आपल्या पानांवर दुवा दिला. हळूहळू नाव शोधलं की वेबसाइट वर यायला लागली. पहिली नाही, पण वर. एकदा त्यांनी हेमांगीला हाक मारून ते दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, हे प्रीतमच्या आधी व्हायला हवं होतं."

"हो," भाऊ म्हणाले.

"मीच सोडून दिली होती ती. तुम्ही सांगत होतात."

"मी सांगत होतो, पण मलाही असं होईल असं वाटलं नव्हतं. मला वाटायचं फार तर खातं बंद पडेल, तुझे व्हिडिओ जातील. कुणी तुझा आवाज घालून बोलेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आणि खरं सांगू का, आपण रोज लिहीत असतो तरी शेवंती तिथे आली असती का, मला माहीत नाही. ती तुझ्या आवाजाकडे आली होती, चित्रांकडे नाही."

पावसाळा सरता सरता एक दिवस ते खातं नाहीसं झालं. पोलिसांमुळे, तक्रारींमुळे की चोराचं काम झालं म्हणून, कुणालाच कळलं नाही. कसलाही निरोप आला नाही. तेलाचा व्हिडिओ गेला आणि त्याच्याबरोबर तिचे सगळे खरे व्हिडिओही गेले. सतरंजीवरचा पहिला, प्रीतमने चमचा धरल्यावर शेवंतीने लिहिलेल्या ओळी, हजारो आयांची हजारो पत्रं म्हणा ना. ती कुठेच उतरवून ठेवलेली नव्हती. सलिल म्हणाला, सुटलो एकदाचे. तेलाचा व्हिडिओ आता दुसऱ्याच कुणा नावाने फिरतो, असं ऐश्वर्या सांगते. त्यात दुसरी बाई आहे, दुसरं मूल.

शेवंतीचा फोन दिवाळीच्या आसपास पुन्हा आला. त्या वेळी मी हेमांगीकडे फराळाचं ताट घेऊन गेले होते. हेमांगीने स्क्रीनवर नाव बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला, जणू मी उचलेन. मग स्वतःच उचलला.

"ताई," शेवंती म्हणाली. आवाज कोरडा होता. "नळीने पातळ घालताना उलटून येतंय त्याचं. छातीत जातंय. तुमच्या त्या वेबसाइटवर बघितलं, नळीचं काही नाहीये."

"नाहीये. अद्वयला कधी नळी नव्हती."

"मग काय करू?"

"कसं झोपवतेस त्याला?"

"आडवाच."

"आडवा नको. डोकं वर पाहिजे. शेवंती, मी येऊ का?"

"प्रीतमचे पप्पा कामावर असतात दुपारचे," ती म्हणाली. "तेव्हा या."

विठ्ठलवाडीला रुळांच्या पलीकडे, आम्ही त्या दिवशी जिथून परत फिरलो त्याच्या पुढच्या गल्लीत तिची खोली होती. शेवंतीने दार उघडलं, हेमांगीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघून 'या' म्हणाली. प्रीतम खाटेवर होता. डोळे उघडे, पण कुठे बघतोय ते कळत नव्हतं. हेमांगी खाली बसली. तिने काही न बोलता त्याच्या पाठीमागे उशी लावली, मग दुसरी, मान एका हाताने सावरली आणि शेवंतीला खुणेने जवळ बोलावलं. शेवंती आली. हेमांगीने तिचा हात धरून तो प्रीतमच्या मानेखाली ठेवला. केंद्रातल्या नर्सकडून ती आदल्या दिवशी सगळं शिकून आलेली. नळी कितपत वर धरायची, किती सावकाश सोडायचं, नंतर किती वेळ बसवून ठेवायचं. ती कमीत कमी बोलत होती. बोलायची तेव्हा शेवंतीच्या कपाळावर आठी यायची आणि ती नजर खाली घालायची. हेमांगीच्या ते लक्षात आलं. पुढचं सगळं तिने हातानेच दाखवलं.

निघताना शेवंती म्हणाली, "लक्षात नाही राहायचं माझ्या."

हेमांगीने पर्समधून पेन्सिल काढली. कागद नव्हता, म्हणून शेवंतीने भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलेल्या महिन्याचं पान फाडून दिलं. त्याच्या पाठीवर हेमांगीने काढायला घेतलं. खाटेची रेघ, उशा, टेकलेलं मूल, मानेखाली आईचा हात. काढताना दोनदा खोडावं लागलं. शेवंती शेजारी उभी राहून बघत होती.

"त्याचा डावा पाय असा सरळ नाही होत," ती म्हणाली. "वाकडा काढा."

हेमांगीने पाय खोडला आणि वाकडा काढला.